शरफुन्निसाची पाहुणी

शरफुन्निसा परकारच्या घरी एखादी वस्तू दुरुस्त करून घेणं फार अवघड असतं. एका उन्हाळ्यात त्यांचा एसी बंद पडला. दुरुस्तीला एक पाकिस्तानी मिस्त्री आला. त्याने हत्यारांची पेटी उघडण्याआधीच हिने त्याला बैठकीवर बसवलं. आधी सरबत आलं, मग घावन, मग मटणाचा रस्सा. जेवण झाल्यावर तो म्हणाला, "बाजी, अब तो झुका भी नहीं जाता," आणि उद्या येतो म्हणून निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो भावाला सोबत घेऊन आला. भावालाही तसंच जेवायला घातलं. तिसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याने, म्हणजे यासीनभाईंनी, त्याला जिन्यातच गाठलं आणि शरफुन्निसा नमाजाला उभी राहिलेली बघून गुपचूप एसी सुरू करून घेतला.

"आमच्यात पाहुण्याच्या हाताला काम लागू देत नाय, काकू," ती मला सांगते. पाहुण्याने स्वतःचं ताट उचललं तर घरातली बरकत त्या ताटाबरोबर मोरीत जाते, असं तिची आई म्हणायची. आई दाभोळच्या खाडीकाठची. ते घर सोडून शरफुन्निसाला जमाना झाला, खाडीच्या जागी सौदीतल्या अल-खोबरचा समुद्र आला, पण नियम तोच.

मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. पती गेल्यावर माझा मुलगा ज्ञानेश मला इकडे घेऊन आला. मलासुद्धा शरफुन्निसाने पहिली काही वर्षं पाहुणी म्हणूनच वागवलं. चहाचा कप खाली ठेवायला वाकले, तरी धावत यायची. मग एका दुपारी माझ्याकडे न बघताच तिने कोथिंबिरीच्या दोन जुड्या माझ्या मांडीवर टाकल्या आणि म्हणाली, "निवडा हो जरा, माझे हात भरलेत." त्या दिवसापासून मी तिच्या घरची झाले. आता ती मला ओरडतेसुद्धा.

यासीनभाई तरुणपणी तांबड्या समुद्राकाठच्या राबिघला कंपनीच्या मेसमध्ये आचारी म्हणून आले. शरफुन्निसा नंतर आली, लेकीला, साबिराला, कडेवर घेऊन. पुढे ते इकडे आले आणि कफीलच्या, म्हणजे सौदी हमीदाराच्या, नावाने परवाना काढून त्यांनी इमारतीच्या मागच्या गल्लीत स्वयंपाकघर सुरू केलं. एकट्या राहणाऱ्या माणसांना आणि कामगारांच्या कॅम्पांना तिथून डबे जातात. नाव यासीनभाईंचं आहे, आवाज शरफुन्निसाचा. वाण्याशी भांडून भांडून ती अरबी शिकली, त्यामुळे तिची अरबी भांडणात फर्डी असते आणि गोड बोलायची वेळ आली की अडखळते. साबिरा इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकली, लग्न होऊन अमेरिकेला गेली, आणि तिथे तिला इकरा झाली.

ही नात शरफुन्निसाने एकदाच पाहिली होती. गावी एका लग्नात, इकराचे पुढचे दोन दात पडलेले असताना. त्यानंतर सगळं फोनवर. "हाय नानी, आय ॲम गुड," एवढं बोलून फोन आईकडे जायचा. शरफुन्निसा फोन ठेवून म्हणायची, "आवाज छान हाय पोरीचा. पण माझ्यापाशी थांबत नाय."

इकरा कॉलेजात होती त्या वर्षी रमजान मार्चमध्ये आला. गल्लीपलीकडच्या मैदानावर एका संस्थेने कामगारांच्या इफ्तारसाठी मोठा तंबू घातला होता आणि त्याचं जेवण परकारांच्या स्वयंपाकघरातून जायचं होतं. अशात एका संध्याकाळी यासीनभाई बातमी घेऊन आले. अमेरिकेतल्या कुठल्याशा विद्यापीठाची मुलं वसंताच्या सुट्टीत आठवडाभर परदेशी जाऊन सेवा करतात. यंदा त्यांचा एक गट इथे येणार होता, त्याच तंबूत काम करायला. आणि त्या गटात इकरा होती.

"सर्व्हिस लर्निंग म्हणतात त्याला," यासीनभाई म्हणाले. "सेवा करायची आणि त्यातून शिकायचं. त्याचे मार्क मिळतात."

"सेवेचे मार्क?" शरफुन्निसा म्हणाली. "मग माझे कुठे जमा झालेत ते विचारा जरा."

थट्टा केली खरी, पण रात्री ती वर माझ्याकडे आली, ती वेगळीच. खुर्चीच्या टोकावर बसली. म्हणाली, "काकू, एक आठवडा. तोपण तिच्या मॅडमच्या मर्जीचा. रात्री हॉटेलातच झोपायचं म्हणे, नातेवाइकांकडे राहायचं नाय असा नियम. फक्त दुपार ते इफ्तार ती माझ्यापाशी असणार. एवढ्या वेळात तिला असं वाटायला हवं, की हे आपलं घर, इथे परत यायचं. नायतर ती मोठी होईल, लग्न करील, आणि मी तिला परत फोनवरच बघीन."

"वाटेल की," मी म्हटलं.

"वाटलंच पाहिजे. मी काय कमी पडू देणार नाय."

आणि तिने खरोखरच काही कमी पडू दिलं नाही. तिथेच सगळं बिघडलं.

मुलं आली ती आठजण होती. त्यांच्याबरोबर रेवा नावाच्या प्राध्यापिका. त्यांचे आईवडील नागपूरचे, त्यामुळे त्यांना मराठी सगळी समजायची, बोलताना मात्र दर वाक्याला थांबायच्या. सगळी मुलं एकसारखे निळे ॲप्रन घालून, हातमोजे चढवून, गल्लीतल्या दारात उभी राहिली. त्यात सगळ्यात बारीक, डोक्याला पांढरा स्कार्फ बांधलेली इकरा. शरफुन्निसाने तिला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. मग डोळे पुसून आपल्या ठेवणीतल्या हिंदीत म्हणाली, "आओ बेटा, बैठो. आप लोग थक गए होंगे."

त्या 'बैठो'पासून पुढचे तीन दिवस ती मुलं बसलीच.

कारण शरफुन्निसाने पहाटे सहरीच्या जेवणानंतर न झोपता शारीकला, म्हणजे तिच्या हाताखालच्या आचाऱ्याला, आणि बाकीच्यांना जुंपून कांदे चिरून घेतले होते, समोसे भरून ठेवले होते, खजुरांची पाकिटंसुद्धा बांधून टाकली होती. पाहुणे येतील तेव्हा ओट्यावर काम दिसता कामा नये! मुलांना तिने आतल्या खोलीत एसीसमोर बसवलं. ज्यांचा रोजा नव्हता त्यांच्यासाठी पडदा ओढून सांदण आणि नारळाचं दूध वाढलं. एका उंच मुलाने सुरी हातात घेतली, तर ती त्याच्या हातून काढून तिथे केळं ठेवलं.

रेवा मॅडम हळूच म्हणाल्या, "शरफुन्निसाजी, ही मुलं... काम करायला... आली आहेत."

"करतील की. आधी खाऊ देत. पोरं वाळलीत हो तिकडे."

संध्याकाळी तंबूत तर कहरच झाला. मुलं ताटं घेऊन उभी राहिली, तेव्हा समोर बसलेले कामगारच उठले. त्यांत धोंडीराम होता, सांगलीकडचा फिटर. तो रोजा धरत नाही, पण कॅम्पातल्या दोस्तांबरोबर रोज येऊन पंगतीत वाढायचं काम करतो. त्याने त्या उंच मुलाच्या हातातलं ताट घेतलं, त्याला खाली बसवलं आणि त्याच्याचपुढे ठेवलं. "एवढ्या लांबनं आलाय, आन् उभं ऱ्हाऊन वाढणार व्हय? बसा. पाव्हणं हाय तुम्ही." अजान झाली. सेवा करायला आलेले आठजण मांडी घालून जेवले आणि दिवसभर उन्हात राबलेल्यांनी त्यांना वाढलं. रेवा मॅडमनी काढलेल्या प्रत्येक फोटोत त्यांचे विद्यार्थी खाताना दिसत होते.

"आता मी अहवालात काय लिहू?" त्या मला इंग्रजीत म्हणाल्या. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. सिस्टर म्हणायच्या तसं, खरं तेवढंच लिहा, असं म्हणणार होते. पण त्यांचा चेहरा बघून गप्प बसले.

रमजानात रोज दुपारी मी त्या स्वयंपाकघरात असते. घरातल्या सगळ्यांचे रोजे असतात, चव बघायला कुणी नसतं. हाताच्या अंदाजाने मीठ घालायचं आणि अल्लाच्या भरवशावर सोडायचं. म्हणून शरफुन्निसाने मला नेमलं आहे. मोठी देग चुलीवरून उतरवण्याआधी एक चमचा पुढे येतो, "काकू, चाखा." रक्तदाबासाठी डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेल्या बाईकडे मिठाचं खातं आहे, याचं ज्ञानेशला फार हसू येतं.

तिसऱ्या दिवशी मी अशीच दाराशी खुर्ची टाकून बसले होते. इकरा बाहेर येऊन माझ्याशेजारी पायरीवर बसली. हातमोजे अजून कोरे करकरीत. इंग्रजी आणि मोडकी मराठी यांची भेळ करत ती म्हणाली, "आजी, नानीला मी आवडत नाही का?"

मी थक्क झाले. "अगं, तिने तुझ्यासाठी..."

"ती सगळ्यांना ओरडते. शारीकमामूला ओरडते. नानाला ओरडते. काल तुम्हालापण ओरडली, पुदिना जाड निवडला म्हणून. मला म्हणते, 'बेटा, आप बैठो.' आप! मम्मी चिडली की मराठीत चिडते. मला सगळे शब्द येतात. बावळट, गाढव, आळशी, तोंड वर करून काय बघतेस. घरच्या माणसांशी असं बोलतात ना? माझ्याशी ती एअर होस्टेससारखं बोलते."

मला हसू आलं, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती पुढे म्हणाली, "या ट्रिपसाठी मॅडमना मीच सुचवलं होतं, माझ्या नानाचं किचन आहे म्हणून. मला वाटलं मी नानीबरोबर काम करीन. आता पुढच्या सुट्टीत सगळे पेरूला चाललेत. मीपण तिकडेच जाईन. तिथे निदान विटा तरी उचलू देतात." आणि मग, "तुम्ही तिला सांगू नका, प्लीज. सांगून ओरडली तर त्याला काय अर्थ?"

मी शब्द दिला आणि अडकले. वर जाऊन अमिताला, माझ्या सुनेला, म्हटलं, एकीला वाटतंय लाड केले की पोरगी परत येईल, आणि पोरगी लाडांनाच कंटाळून पळायला निघालीये.

चौथ्या दिवशी दालचा होता. मसूर डाळ, मटण, दुधी, मोठी देग भरून. मी नेहमीच्या वेळी खाली आले. मुलं आत एसीत बसून पत्ते खेळत होती, कारण शरफुन्निसाने त्यांना पत्ते आणून दिले होते. चमचा माझ्यापुढे आला. मी तोंडात घातला आणि माझे डोळेच मिटले.

"काय झालं? तिखट?"

"शरफा," पाणी पिऊन मी कसंबसं म्हटलं, "हा दालचा नाही. हा समुद्र आहे."

सगळे ओट्याभोवती जमले. चव कुणालाच बघता येईना, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मगरिबला, म्हणजे रोजा सुटायला, फार वेळ उरला नव्हता आणि मैदानावर माणसं जमायला लागली होती. शरफुन्निसाने ओढणी कमरेला खोचली.

"शारीक! किती मीठ घातलंस?"

"रोजचंच, भाभी. दुपारीच घातलं, आणि क्रेट भरायला बाहेर गेलो."

"मग मी आतून ओरडले, मीठ पडलं का, तेव्हा कुणी घातलं? कुठल्या गाढवाने घातलं?"

मग आतल्या दारातून बारीक आवाज आला, "मी."

इकरा पुढे आली. तिला मीठ हा शब्द कळला होता. दुपारी नानीने विचारलं, तेव्हा ओट्यापाशी उत्तर द्यायला कुणी नव्हतं. तिला वाटलं, चला, एक काम सापडलं. तिने बरणी उघडून चांगल्या दोन वाट्या ओतल्या होत्या.

मी शरफुन्निसाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही म्हणणार, कोई बात नहीं बेटा, आप बैठो. तिचं तोंडही तसंच उघडलं होतं. पण समोर ती भली मोठी देग होती, आणि बाहेर दिवसभराची उपाशी माणसं.

"तू?" ती म्हणाली. हिंदी कुठल्या कुठे पळाली. "तोंड नव्हतं तुला विचारायला? दोन वाट्या? म्हशीला घालतेस काय मीठ? अगो, रोजेदार लोक खाणार, त्यांच्या घशात आग पडेल! कुणी शिकवलं तुला, न विचारता देगेत हात घालायला? उभी काय राहिलीस खांबासारखी? तो दुधी घे, सोल! बटाटे घे! बोलाव तुझ्या त्या पत्तेवाल्यांना! यल्ला!"

इकराचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता रडणार. पण ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आणि तू? तूपण घातलंस! मी घातल्यावर तू आलीस आणि मूठभर घातलंस! मी बघितलं! मला वाटलं, एवढंच लागत असेल!"

यासीनभाई तांदूळ धुता धुता खाली बसले. त्यांना हसू आवरेना. शरफुन्निसाने देगेकडे बघितलं, आपल्या हाताकडे बघितलं. तिला आठवलं असणार.

"मोठ्यांना उलट बोलतेस?" ती म्हणाली, पण आवाजातला दम निम्मा झाला होता. "सोल ते बटाटे. आणि साल जाड काढू नकोस, आळशी कुठली."

मग जे सुरू झालं, ते मी अजून विसरले नाही. खारट दालच्याला उपाय एकच, बिनमिठाचा तेवढाच दालचा त्यात घालायचा. दुसरी देग चढली. आठही मुलं ओट्याशी उभी राहिली. त्या उंच मुलाने दुधीचे असे काही तुकडे केले, की शारीक म्हणाला, "भाई, ये दुधी है, लकडी नहीं." रेवा मॅडमनीसुद्धा बाह्या वर केल्या आणि डाळ निवडायला बसल्या. शरफुन्निसा मध्ये उभी राहून मराठीत, हिंदीत, अरबीत सगळ्यांना एकसारखं ओरडत होती आणि मुलं खिदळत होती. मी तर चाखून चाखून हैराण झाले. अजून खारट. अजून थोडं. आता बरं. खलास, उतरवा!

दालचा दुप्पट झाला होता. तंबूत तेवढी भांडी वाहून न्यायला कॅम्पातले हात पुरेनात. धोंडीरामने देगेत डोकावून बघितलं आणि मुलांना म्हणाला, "आज काय तुम्हांस्नी बसवायला जमायचं न्हाई बाबा. लई हाय. धरा पळ्या." मुलांनी पळ्या धरल्या. अजानच्या वेळी पहिल्यांदाच कामगार बसलेले होते आणि मुलं उभी. इकराने एक खजूर तोंडात टाकून रोजा सोडला आणि पुन्हा पंगतीत धावली. दुसऱ्या कॅम्पातल्यांनाही निरोप गेला. देगेच्या तळाला पळी लागेपर्यंत वाढणं चाललं.

सगळे गेल्यावर शरफुन्निसा माझ्याशेजारी येऊन बसली. तिचं तोंड उतरलं होतं.

"संपलं, काकू. सगळ्यांदेखत गाढव म्हटलं मी तिला. एवढे दिवस जीव मुठीत धरून वागले, आणि एका देगेसाठी घालवून बसले. आता ती कशाला येते परत?"

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं, पण मी शब्द दिला होता. तेवढ्यात इकरा आत आली. ॲप्रनवर डाळ, स्कार्फवर हळद. ती नानीच्या पायाशी बसली आणि सरळ मराठीत म्हणाली, "नानी, उद्या कांदे तू नाही कापायचे. मी येईपर्यंत ठेवायचे."

शरफुन्निसा तिच्याकडे बघत राहिली. मी हळूच पाय दाबला तिचा. उशिरा का होईना, तिला समजलं.

"किती वाजता येणार?" तिने करड्या आवाजात विचारलं.

"दुपारी. बस येते तेव्हा."

"बसची वाट कसली बघतेस? तुझ्या मॅडमला सांग, नाना गाडी घेऊन येतील. आणि ते रबराचे मोजे नकोत. मोज्यांनी कांदा निसटतो."

उरलेले दिवस मी फार खाली गेले नाही. गेले तेव्हा कान बंद करून बसावं लागलं, एवढी त्या दोघींची भांडणं चालली होती. कांदा जाडा की बारीक, कोथिंबीर देठासकट की बिनदेठाची. रेवा मॅडमना अहवालात लिहायला पानं कमी पडली असावीत, कारण जाताना त्या पुढच्या वर्षीचं विचारून गेल्या. शेवटच्या दिवशी बसपाशी सगळी मुलं शरफुन्निसाच्या गळ्यात पडून रडली. तिने इकराला मात्र गळ्याशी धरलं नाही. तिच्या पिशवीचा बंद सैल होता, तो आवळत राहिली आणि म्हणाली, "नीट धर. पाडशील."

त्यानंतर साबिराचा फोन आला, तेव्हा मी तिथेच होते. फोन स्पीकरवर होता, यासीनभाईंनाही ऐकायचं होतं.

"तुझ्या पोरीला काय शिकवलंस गं तू?" शरफुन्निसाने सुरुवातच अशी केली. "कांदा कापते की सरपण फोडते? घावन उलटता येत नाय. उलट मात्र बोलता येतं. हे असं सासरी चालायचं नाय. डिसेंबरात पाठव तिला, मी शिकवीन. महिनाभर तरी लागेल."

"अम्मी," साबिरा तिकडून हसत म्हणाली, "मी काय पाठवणार? ती कालपासून तिकिटं बघत बसलीये. तिच्या मैत्रिणींना पेरूचं नाही म्हणून कळवलंसुद्धा."

शरफुन्निसाने फोन ओट्यावर ठेवला आणि माझ्याकडे वळून बघितलं. चेहरा रागाचा करायचा प्रयत्न होता, पण काही केल्या जमत नव्हता.

"बघितलंत, काकू? नानीला एका शब्दाने विचारलं नाय. आपली आपण ठरवून मोकळी झाली."